तळपायाची जखम आणि खचलेलं मन

मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायाला जखम झाली, की दवाखान्यात शुगर बघतात, पायाची नाडी लागते का ते बघतात, पू तपासायला पाठवतात. झोप लागते का, कशात मन रमतं का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते ते पहिल्याच भेटीत विचारायला हवं. लंडनमध्ये पायाला पहिल्यांदाच जखम झालेल्या २५३ मधुमेही रुग्णांचा अभ्यास झाला आणि २००७ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य होतं. पुढच्या दीड वर्षात त्यांना मृत्यूचा धोका इतरांपेक्षा सुमारे तिप्पट दिसला.

मनापासून तळपायापर्यंत हा त्रास पोचतो कसा?

माणूस सतत काळजीत असला की कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनालिन ही संप्रेरकं चढी राहतात. संकटात अंगात बळ यावं म्हणून ती यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतात. धोका टळला की ती उतरतात. पण कर्जाची, घरातल्या आजारपणाची, मुलाच्या नोकरीची काळजी रोजचीच असते. त्यात कॉर्टिसॉलमुळे इन्सुलिनचा परिणामही कमी होतो. म्हणून काही वेळा पथ्य पाळून, गोळ्या घेऊनही शुगर उतरत नाही, आणि वर घरच्यांची बोलणी बसतात: ‘चोरून गोड खाल्लं असणार!’ या बोलण्याने किती माणसं तपासणीलाच जायची बंद होतात!

वर्षानुवर्षं चढी राहिलेली साखर नसांना इजा करते. सगळ्यांत लांब नसा पायांच्या, म्हणून त्रास बोटांपासून सुरू होतो. आधी मुंग्या येतात, मग आग होते, आणि पुढे संवेदनाच जाते. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. खडा रुतला, उन्हात तापलेल्या फरशीने पोळलं, तरी दुखत नाही. दुखणं हीच शरीराची राखण, आणि तीच इथे उरत नाही.

तिची जागा मग रोजच्या सवयीने भरून काढावी लागते. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तळवा आरशात बघायचा, घरातही चप्पल वापरायची, भेगांना मलम लावायचं. शिवाय वेळेवर गोळ्या, इन्सुलिन, जेवण, चालणं आहेच. एकेक काम पाच-दहा मिनिटांचं, पण एकही दिवस सुट्टी नाही. नैराश्य घाव घालतं ते नेमकं इथे. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं, आणि नैराश्यात सगळ्यांत आधी सुटतात ती स्वतःसाठी करायची कामं. आंघोळ करणंही जिवावर येतं, तिथे तळवा कोण बघणार? एक फोड आठवडाभर नजरेआड राहतो, त्यात जंतू शिरतात, आणि साखर चढी असल्यामुळे जखम भरत नाही. याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. तो आजाराचाच भाग आहे.

त्रास उलट दिशेनेही चालतो. पायांची आग रात्री वाढते, झोप मोडते, आणि झोप मोडली की मन आणखी खचतं. जखम झाली की महिनोन् महिने पायावर भार द्यायचा नाही. दुकान बंद, शेतावर जाणं बंद, लग्नाकार्याला जाणं बंद. अशा माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगून घरी पाठवणं हा उपचार नव्हे.

उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. ड्युलॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध नसांच्या दुखण्यावरही चालतं, त्यामुळे आग आणि उदासी दोन्ही असलेल्या रुग्णासाठी डॉक्टर त्याचा विचार करतात. मनावरची सगळीच औषधं मात्र मधुमेहाला मानवणारी नसतात. ओलान्झापिनने वजन आणि शुगर दोन्ही वाढू शकतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना मधुमेहाच्या गोळ्या दाखवाव्यात, आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना मनाच्या. दोन्ही बाजू एकत्र सांभाळून काय साधतं, हे आपल्याकडेच बघितलं गेलं आहे. चेन्नई, दिल्ली, बंगळुरू आणि विशाखापट्टणमच्या दवाखान्यांत मधुमेहासोबत नैराश्य असलेल्या ४०४ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्या रुग्णांसाठी एक समन्वयक नेमला होता. तो त्यांच्याशी नियमित बोलायचा, शुगर, रक्तदाब आणि मनःस्थितीची नोंद ठेवायचा आणि तज्ज्ञांशी चर्चा करायचा. २०२० साली आलेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनी या रुग्णांची उदासीही जास्त कमी झाली आणि शुगर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक आटोक्यात आलं.

घरात कुणाला मधुमेह असेल, तर दोन प्रश्न विचारून बघावेत: गेले दोन आठवडे बहुतेक दिवस उदास वाटतंय का? आधी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा झाल्यात का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर पुढच्या तपासणीला ते डॉक्टरांच्या कानावर घालावं. जगणंच नको वाटतंय असं कुणी म्हणालं, तर मात्र थांबू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

उपचार लागू पडायला काही आठवडे जातात. मन सावरलं की गोळ्या पुन्हा वेळेवर घेतल्या जातात आणि चालणं वाढतं. काही औषधांनीही शुगर थोडी उतरते. त्या दिवसांत घाम, थरथर, धडधड झाली, तर ती भीतीच आहे असं धरून चालू नये. आधी शुगर मोजावी. ती ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी, आणि इन्सुलिन कमी करायचं का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावं.