मंगळावर हरवलेले यान

सन २००३ च्या नाताळचा दिवस. इंग्लंडमधली मुले आपापल्या भेटवस्तू उघडण्यात दंग होती आणि प्राध्यापक कॉलिन पिलिंजर मात्र एका निरोपाकडे कान लावून बसले होते. त्यांचे 'बीगल-२' हे अवघ्या तेहतीस किलोंचे यान त्या दिवशी मंगळावर उतरायचे होते. उतरताच एक छोटीशी सुरावट पाठवून ते आपली खुशाली कळविणार होते. दिवस गेले, आठवडे गेले. सुरावट काही आली नाही! यान आदळून चक्काचूर झाले असावे, असेच पुष्कळांना वाटले. चौकशी झाली, ठपके ठेवले गेले.

पुढे २००६ साली एक अमेरिकन यान मंगळाभोवती फिरू लागले. सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवरून त्याचा कॅमेरा खालची जमीन टिपतो. त्याच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरची जेमतेम फूटभर जागा. बीगल पुरते उघडले तरी त्याची रुंदी दोन मीटरच. म्हणजे वाचकहो, सहा-सात ठिपक्यांची रांगोळी! ती अफाट मैदानात शोधायची.

अशा चित्रांत एक चकाकता ठिपका आढळला. पण तो दगड नसेल कशावरून? म्हणून त्याच जागेची आणखी चित्रे घेतली. सूर्य सरकला तशी चकाकीही जागा बदलू लागली. दगड असा चमकत नाही. गुळगुळीत तबकड्या चमकतात! शिवाय जवळच पॅराशूट आणि यानाचे मागचे झाकण असावे, अशा खुणाही दिसल्या.

म्हणजे यान फुटले नव्हते. ते सुखरूप उतरले होते, वीज देणाऱ्या त्याच्या तबकड्या उघडूही लागल्या होत्या. परंतु शेवटची तबकडी उघडल्याखेरीज तिच्याखालचा रेडिओचा एरियल मोकळा होत नव्हता. तीच अडली असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क. घर गाठले, पण तोंड उघडता आले नाही!

ही बातमी १६ जानेवारी २०१५ रोजी जाहीर झाली. त्यातले एक चित्र फेब्रुवारी २०१३ मध्येच घेतलेले होते. तेव्हा पिलिंजर हयात होते. मे २०१४ मध्ये ते वारले. आपले यान धडपणे उतरले, हे जगाला कळले. ज्याने त्यासाठी आयुष्याची इतकी वर्षे वेचली, त्याला मात्र ते ऐकायला मिळाले नाही.