खेळाडू आणि गुरू

धानाची कापणी आटोपली, की चामोर्शीच्या आसपासच्या गावांत सायंकाळी 'कबड्डी, कबड्डी' असा घोष घुमू लागतो. या खेळाला ना चेंडू लागतो, ना बॅट. मोकळी जमीन, दोन्ही बाजूंचे सात-सात गडी आणि छातीत भरून घेतलेला श्वास एवढे पुरते.

याच विदर्भाच्या मातीत शैलजा जैन लहानाच्या मोठ्या झाल्या व कबड्डी शिकल्या. पुढे नाशिक ही त्यांची कर्मभूमी झाली. खेळण्याचे दिवस सरले तरी त्यांनी मैदान सोडले नाही. प्रशिक्षक होऊन त्यांनी शेकडो मुलींना चढाई आणि पकड यांचे धडे दिले. खेळाडूला आपला एकट्याचा श्वास सांभाळावा लागतो. प्रशिक्षकाला मात्र साऱ्या संघाचा!

पुढे इराणच्या महिला संघाने त्यांना पाचारण केले. देश परका, भाषा फारसी आणि बाई तर शाकाहारी! परंतु त्या डगमगल्या नाहीत. 'मैदान' हा आपला नेहमीचा शब्द फारसीतूनच मराठीत आलेला आहे. आता ती भाषाच त्या शिकू लागल्या. खेळाच्या सरावाला त्यांनी योगासने व प्राणायाम यांची जोड दिली.

आशियाई क्रीडास्पर्धांत महिलांची कबड्डी २०१० साली सुरू झाली. त्या वर्षी आणि २०१४ सालीही सुवर्णपदक भारताने जिंकले होते. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथे अंतिम सामन्यात भारत व इराण समोरासमोर उभे राहिले. मध्यंतरापर्यंत भारत १३-११ असा पुढे होता. पण अखेरीस इराणने २७-२४ असा विजय मिळविला.

मुलांनो, आपल्याच देशाविरुद्ध परक्यांना शिकवावे काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. पण विचार करा. विद्या दिल्याने कमी होत नाही. प्रतिस्पर्धी बलवान झाला, तरच आपल्यालाही अधिक श्रम करण्याची बुद्धी होते. पुढे २०२३ साली हांगचौ येथे भारतीय मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असे नमवून सुवर्णपदक परत मिळविले. आपल्या अंगणातला खेळ आज जगाचा होत आहे. त्याचे श्रेय खेळाडूंचे तसेच त्यांना घडविणाऱ्या गुरूंचेही आहे.

स्वाध्याय
१. इराणमध्ये शैलजाबाईंपुढे कोणत्या अडचणी होत्या?
२. 'विद्या दिल्याने कमी होत नाही,' हे स्वतःच्या अनुभवातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.