शिडाच्या लहान नौकेवर कोणतीं यंत्रें असावींत?



पांचगणीसारख्या डोंगरावर आयुष्य घालविलेल्या शाळामास्तरानें दर्यावरील नौकेविषयीं बोलावें, हें आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या सातारा जिल्ह्याचें आणि समुद्राचें नातें अगदींच दूरचें नाहीं. फलटणजवळच्या विंचुर्णी गांवीं निवृत्तीनंतर राहिलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनींच एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची कल्पना पुढें मांडली. आणि २००९-१० सालीं कमांडर दिलीप दोंदे यांनीं गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' नौकेवर ती तडीस नेली.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईस असतो. त्यानें बावीस फुटांची एक जुनी शिडाची नौका विकत घेतली आणि तिच्यावर बसवावयाच्या यंत्रांची यादी मजकडे धाडली; कारण विजेचा हिशेब त्याला मींच वर्गांत शिकविला होता. यादींत नऊ यंत्रें होतीं. रडार सर्वांत वर होतें. संकटाची वर्दी देणारें यंत्र सर्वांत खालीं, आणि त्यापुढें 'पैसे उरल्यास' असा शेरा!

प्रथम हिशेबच पाहूं. लहान नौकेवर १२ व्होल्टची, १०० अंपिअर-तासांची एक साधी शिशाची बॅटरी असते. ती निम्म्याहून अधिक रिकामी केली तर लवकर खराब होते. म्हणजे हातीं राहिले ५०. पडद्यावर नकाशा दाखविणारें यंत्र तासास एक अंपिअर घेतें असें धरलें, तर दिवसरात्रींत २४ गेले. रडारास तीन अंपिअर धरून तें आठ तासच चालविलें, तरी आणखी २४ गेले. उरले दोन! रात्रीं लावावयाचे दिवे कशावर लावावयाचे? शिवाय रडाराचें ओझें डोलकाठीवर उंच चढवावें लागतें, आणि उंचावरचें ओझें लहान नौकेस अधिक कलंडवितें. म्हणून रडारावर मीं पहिली काट मारली.

दुसरी कसोटी अशी : जें माझ्या डोळ्यांस व कानांस कळत नाहीं, असें हें यंत्र मला काय सांगतें? वाऱ्याची दिशा दाखविणारें यंत्र महाग असतें. परंतु डोलकाठीच्या दोरास बांधलेली लोकरीची चिंधी तेंच सांगते. उलट पाण्याची खोली डोळ्यांस दिसत नाहीं, आणि कोंकणांतल्या खाड्यांचीं मुखें वाळूच्या दांड्यांनीं भरलेलीं. आमच्या महाबळेश्वरांत उगम पावलेली सावित्री बाणकोटास समुद्रास मिळते, तेथेंहि हीच गोष्ट. पूर्वीं तांडेल शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडून वाव मोजीत असत; आतां यंत्र ध्वनीनें मोजतें. पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १,५०० मीटर जातो. प्रतिध्वनि सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत परत आला, तर तळ १५ मीटरांवर समजावा. वीज फारच थोडी लागते. हें यंत्र मीं ठेवलें.

उपग्रहांवरून स्थान दाखविणारें हातांतलें यंत्रहि ठेवलें. मात्र होकायंत्र व कागदी नकाशा यांच्या जोडीनें, त्यांच्या ऐवजीं नव्हे. मोठीं जहाजें आपलें स्थान, दिशा व वेग बिनतारी संदेशानें आपण होऊन कळवीत असतात. तो संदेश घेणारें यंत्र मुंबईच्या बंदराजवळ रात्रीं फार उपयोगी पडतें. परंतु मच्छीमारांच्या पुष्कळ होड्या त्यावर दिसत नाहींत, आणि जाळीं तर नाहींतच. तेव्हां पहारा आपणच करावयाचा.

व्ही. एच. एफ. बिनतारी यंत्राविषयीं दुमत नसावें. भ्रमणध्वनीवरून एकाच माणसाशीं बोलतां येतें. बिनतारी यंत्राच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर मारलेली हांक टापूंतलीं सर्व जहाजें ऐकतात. एरियल डोलकाठीच्या टोकावर असावें, कारण या लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहींत. परवाना काढावा लागतो, तो काढावा.

आतां 'पैसे उरल्यास' या शेऱ्याकडे येतों. २०१८ सालच्या गोल्डन ग्लोब शर्यतींत आधुनिक यंत्रांच्या साहाय्यानें नौका हांकण्यास बंदी होती. अभिलाष टॉमी हे आपले नौदल अधिकारी तींत 'थुरिया' घेऊन उतरले होते. सप्टेंबरांत हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत वादळानें डोलकाठी मोडली, आणि पाठीस अशी दुखापत झाली कीं उठवेना. परंतु उपग्रहामार्फत संदेश धाडणारें छोटें यंत्र त्यांच्यापाशीं होतें. त्यावरून जगास बातमी कळली, आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानें त्यांस उचललें. जुन्या पद्धतीचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या शर्यतीनेंहि संकटाची वर्दी देणाऱ्या यंत्रांस मनाई केली नव्हती!

असें ४०६ मेगाहर्ट्झचें यंत्र स्वतःच्याच बॅटरीवर निदान ४८ तास चालतें. नौकेची वीज गेली तरी त्याचें अडत नाहीं. त्याची नोंदणी मात्र अवश्य करावी, नाहींतर हांक कोणाची हें शोधण्यांत वेळ जातो. मीं तें यादीच्या माथ्यावर नेऊन ठेवलें.

विद्यार्थ्यानें हें सारें मान्य केलें. वाद राहिला तो स्वयंचलित सुकाणूचा. "मी एकटा असतांना शीड उतरावयास पुढें गेलों, तर सुकाणू कोण धरील, गुरुजी?" असें तो विचारतो. नवशिक्यानें एकट्यानें जाऊंच नये, असें मीं कळविलें. त्यावर त्यानें मलाच दोंद्यांचें उदाहरण दिलें आहे; त्या पत्राचें उत्तर अजून लिहावयाचें आहे.