पदार्थविज्ञानाची पदवी घ्यावयाची तर

बारावीचा निकाल लागला की घरोघर एकच विषय चालतो : मुलगा आता काय घेणार? तो ‘पदार्थविज्ञान’ म्हणाला, तर वडीलधारी मंडळी आधी फी विचारतात, मग नोकरी. ही पदवी पदरात पडण्यासाठी काय काय पुरे करावे लागते, हे क्वचितच कोणी विचारतो. आणि पुढे तेच अंगाशी येते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये घालून दिलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीस १२० श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६०. श्रेयांक हे अभ्यासाचे माप होय. वर्गातील १५ तासांस एक श्रेयांक. प्रयोगशाळेत मात्र तेवढ्याच एका श्रेयांकासाठी ३० तास घालवावे लागतात. १२० पैकी निदान ६० मुख्य विषयाचे, २४ गौण विषयाचे. बाकीच्यांत भाषा, कौशल्ये व इतर शाखांचे विषय येतात.

सर्वांत जड अट गणिताची. यामिकी, विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी, पुंजयामिकी, या सर्वांची बोलीच गणिताची आहे. डॉक्टर व्हावयाचे म्हणून अकरावीत गणित सोडले, वैद्यकीयला जागा मिळाली नाही, तेव्हा पदार्थविज्ञान घेऊ, असा हिशेब करणारा बहुधा दारातच अडतो. आत शिरलाच, तरी कॅल्क्युलसशी त्याची पहिल्याच वर्षी गाठ पडते. गौण विषय म्हणून गणित घेणे, हाच आमच्या मते सुज्ञ मार्ग.

प्रयोगवहीचीही अशीच कथा. न्यूटनची वलये मोजताना डोळा शिणतो, आकडे जुळत नाहीत, पुन्हा मोजावे लागते. शेजाऱ्याच्या जर्नलातून आकडे उतरविणे किती सोपे! पण परीक्षक तोंडी परीक्षेत ‘ही चूक कोठून आली?’ असे विचारतो, तेव्हा उसन्या आकड्यांना उत्तर सुचत नाही.

आता चौथ्या वर्षाविषयी. ज्याला संशोधनासह ऑनर्स हवे, त्याला पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुण हवेत. ‘पहिले वर्ष रुळण्यात गेले, शेवटी भरून काढू’ असे म्हणणाऱ्या मुलास तिसऱ्या वर्षी कळते की पहिल्या सत्राचे गुणही त्याच बेरजेत आहेत. ७५ टक्के न मिळाले तरी चौथे वर्ष करता येते. मात्र १२ श्रेयांकांच्या संशोधन प्रकल्पाऐवजी तीन वेगळे विषय घ्यावे लागतात. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळविणारा एम.एस्सी.वाचून पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरतो. घरची ओढाताण असलेल्या मुलास एक वर्ष वाचणे ही लहान गोष्ट नव्हे.

यातही प्रांतोप्रांती भेद आहे. गोव्यात चार वर्षांची रचना चालू आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये ती स्वीकारली आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. म्हणून बेळगावच्या मुलाने पणजीच्या मावसभावाचा हिशेब आपल्याला लावू नये. त्याची वाट तीन वर्षांची बी.एस्सी. व मग दोन वर्षांची एम.एस्सी. अशी आहे.

आणखी एक विचारणा प्रवेशाच्या दिवशीच करावी. पीएच.डी.चे मार्गदर्शक होण्यास पात्र असे निदान दोन कायम प्राध्यापक विभागात असले, तरच तेथे संशोधनासह ऑनर्स देता येते. लहान महाविद्यालयांत ते असतीलच असे नाही. कचेरीतील कारकुनाला हे ठाऊक नसेल, तर सरळ विभागप्रमुखांना भेटावे.