गाईला टोचलेली लस आणि सेरेंगेटीचे रान

टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात सफारीला गेलेल्यांचे डोळे सिंहाला शोधत असतात. पण वाइल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकी हरणांचे लाखोंचे कळप, त्यांच्यावर पोसलेले सिंह आणि तरस, माळावर पुन्हा दाटलेली बाभळीची झाडे, हे सारे आज दिसते याचे मोठे श्रेय उद्यानाबाहेरच्या गुरांना टोचलेल्या लसीला जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुळकांडी, म्हणजे गुरांची जीवघेणी साथ, पूर्व आफ्रिकेत शिरली. तिथल्या मसाई पशुपालकांची गुरे पटापट मेली, मागोमाग माणसे उपासमारीने गेली. गुरांकडून हा रोग रानातल्या म्हशींना आणि वाइल्डबीस्टना लागे, आणि त्यात वर्षाच्या आतली पिल्ले फार दगावत. आसपासच्या गुरांचे लसीकरण झाले आणि १९६३च्या सुमारास रोग वाइल्डबीस्टमधून नाहीसा झाला. रानातल्या एकाही जनावराला कोणी सुई टोचली नव्हती. १९६१मध्ये सुमारे अडीच लाख असलेले वाइल्डबीस्ट १९७७पर्यंत तेरा-चौदा लाखांवर गेले.

पाऊस चांगला झाला म्हणून कळप वाढले असतील, ही शंका रास्त आहे. सत्तरच्या दशकात कोरड्या ऋतूतला पाऊस खरोखरच वाढला होता. पण वाढ त्याच्या आधीच सुरू झाली होती. शिवाय त्याच माळावर तेच गवत खाणारे झेब्रे जवळपास होते तेवढेच राहिले. बुळकांडी दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना होते. झेब्रा एकखुरी, त्याला ती होत नाही. निसर्गाने स्वतःच मांडून ठेवलेला इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच सापडतो. पुढची साखळीही तितकीच विलक्षण आहे: लाखो तोंडांनी गवत खाऊन टाकले, वणव्याला जळण उरेना, आणि आगीतून वाचलेली रोपे झाडे झाली. झाडे वाढली ती झाडे मोडणाऱ्या हत्तींची चोरटी शिकार झाल्यामुळे, असाही आक्षेप घेता येतो. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हत्ती, पाऊस, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि वणवा हे सारे घटक तपासले गेले, आणि सर्वांत वजनदार ठरला तो वणवाच.

कळप हद्दीबाहेरच्या लसीने वाचले, तर मग उद्यानाची हद्द निरुपयोगी म्हणायची का? मुळीच नाही. सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटरची मोकळी जागा राखलेली नसती, तर वाचलेली पिल्ले चरली कुठे असती? पण पावसामागे फिरणारे हे कळप त्या हद्दीत मावत नाहीत. कोरड्या महिन्यांत ते केनियातल्या मसाई माराकडे जातात. २०११मध्ये बुळकांडी जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. तो धोका संपला, पण आता उद्यानाच्या कडेला शेते आणि गुरे वाढताहेत, आणि त्या दाबाने रानातले चरणारे प्राणी आत आत सरकताहेत.