निवडलेली प्रजा आणि बाकीचं जग

आईवडिलांचा मान राखायचा, पण कुठपर्यंत? यहुदी धर्मगुरू रब्बी एलिएझर यांना हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा त्यांनी ना अब्राहामाचं नाव घेतलं ना मोशेचं. त्यांनी बोट दाखवलं अश्कलोनमधल्या दामा बेन नतिनाकडे. दामा यहुदी नव्हता. जेरुसलेमच्या मंदिरातल्या पुरोहिताच्या वस्त्रासाठी लागणारी रत्नं त्याच्याकडे होती आणि ती घ्यायला धर्मपंडित त्याच्या दारात आले होते. सौदा सहा लाखांच्या नफ्याचा होता. पण पेटीची किल्ली वडिलांच्या उशाखाली, आणि वडील झोपलेले. दामाने त्यांना उठवलं नाही, सौदा जाऊ दिला. पुढच्या वर्षी त्याच्या कळपात लाल कालवड जन्मली. मंदिराच्या शुद्धिविधीला लागणारं हे जनावर अतिशय दुर्मीळ. पंडित पुन्हा आले. मागेन ती किंमत तुम्ही द्याल हे मला ठाऊक आहे, असं सांगून दामाने मागितले ते फक्त गेल्या वर्षी बुडालेले पैसे.

ही गोष्ट तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहात आहे. त्याच्या जेरुसलेमच्या आवृत्तीत आणखी एक तपशील येतो: वडील ज्या दगडावर बसत त्यावर दामा कधी बसला नाही आणि ते वारल्यावर त्याने त्या दगडालाच देव मानलं. म्हणजे मातृपितृभक्तीचा आदर्श म्हणून रब्बींनी उभा केलेला माणूस चक्क दगडाची पूजा करणारा होता, आणि हे सांगताना त्यांनी त्याच्यावर टीकेचा एक शब्दही काढलेला नाही.

यहुदी धर्म इतरांना तुच्छ लेखतो, असं सर्रास ऐकू येतं. त्याला उत्तर म्हणून काही भाबडे लोक ‘यहुदी धर्मात सगळे धर्म सारखेच’ असंही ठोकून देतात. दोन्ही चूक. खरं चित्र यापेक्षा गुंतागुंतीचं आहे आणि दोन हजार वर्षं चाललेल्या वादावादीत ते विखुरलेलं आहे.

गैरसमजांचं मूळ बहुतेक वेळा ‘निवडलेली प्रजा’ या कल्पनेत सापडतं. देवाने आम्हाला निवडलं म्हणजे आम्ही श्रेष्ठ, असा तिचा सोपा अर्थ लावला जातो. दामाच्या गोष्टीवर रब्बी हनिना यांनी केलेली टिप्पणी इथे उपयोगी पडते. आज्ञा नसताना चांगलं वागणाऱ्याला एवढं फळ, तर आज्ञेने बांधलेला असून ती पाळणाऱ्याला किती, असं ते विचारतात. आपला कल सहसा उलटा असतो. स्वखुशीने केलेलं ते मोठं, असं आपण मानतो. रब्बींच्या हिशेबात मात्र मानेवर जोखड घेऊन चालणं जास्त कठीण. यहुदी माणसावर तोरा या धर्मग्रंथातल्या ६१३ आज्ञांचं ओझं आहे. निवड झाली ती या ओझ्यासाठी. आमोस हा संदेष्टा तर इस्राएलींना बजावतो, की देवाने तुम्हाला जवळ केलं म्हणूनच तुमच्या सगळ्या पापांचा हिशेब तो घेईल. इस्राएलींना मिसरमधून बाहेर काढणाऱ्या देवाने पलिष्टी आणि अरामी या शत्रूंनाही त्यांच्या त्यांच्या ठिकाणाहून आणून वसवलं, हेही तोच सुनावतो.

पण ‘निवड म्हणजे फक्त जबाबदारी’ एवढ्यावर थांबणं म्हणजे सारवासारव होईल. बाराव्या शतकातल्या स्पेनमधला कवी यहुदा हालेवी याने ‘कुझारी’ या ग्रंथात यहुद्यांना जन्मजात आध्यात्मिक क्षमता असते असं मांडलं. गंमत म्हणजे या ग्रंथाचा नायक यहुदी धर्म स्वीकारणारा खझारांचा राजा आहे, आणि धर्मांतरित माणूस जन्माने यहुदी असलेल्याच्या पूर्ण बरोबरीला येत नाही, हे त्यालाच ऐकवलं जातं. अठराव्या शतकाच्या अखेरीस हसीदी या यहुदी पंथाच्या ‘तान्या’ या ग्रंथाने आत्म्यांतच फरक असल्याचं सांगितलं. याच्या अगदी विरुद्ध टोकाला धर्मपंडित मायमोनिडीस (११३८–१२०४). माणसाची योग्यता रक्तावर नाही, ज्ञानावर आणि वागण्यावर ठरते, असा त्याचा रोख. त्यापूर्वी हजार वर्षं तालमूदाचा पाया असलेल्या मिश्नामध्ये नोंदलेलं आहेच, की सगळी माणसं एकाच आदामापासून झाली ती ‘माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा’ असं कुणी म्हणू नये म्हणून.

मग बिगर-यहुदी माणसाने काय करायचं? यहुदी व्हायचं? मुळीच नाही. तालमूदानुसार सगळी मानवजात नोहाची संतती, आणि तिच्यासाठी फक्त सात नियम पुरेसे आहेत: मूर्तिपूजा करू नये, ईश्वरनिंदा करू नये, खून, व्यभिचार व चोरी करू नये, जिवंत जनावराचा लचका तोडून खाऊ नये, आणि न्यायालयं स्थापन करावीत. सहा ‘करू नका’ आणि एक ‘करा’. तो एकुलता एक ‘करा’ प्रार्थनेबद्दल नाही, न्यायव्यवस्थेबद्दल आहे.

स्वर्गाचं दार फक्त यहुद्यांना उघडं, हा समज याच ठिकाणी कोसळतो. इतर राष्ट्रांतल्या सज्जनांनाही परलोकात वाटा आहे, हे मत दुसऱ्या शतकात रब्बी यहोशुआ यांनी मांडलं. रब्बी एलिएझर यांचा त्याला विरोध होता. दामाची तारीफ करणारे हेच ते एलिएझर. परंपरेने स्वीकारलं ते यहोशुआंचं मत. मायमोनिडीसनेही ते उचललं, पण एक अट घालून: हे सात नियम बुद्धीला पटले म्हणून नव्हे, तर देवाने सांगितले म्हणून पाळायला हवेत. ही अट अठराव्या शतकातल्या बर्लिनमधल्या यहुदी तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सोनला फार खुपली. त्याने हे बोलून दाखवण्याच्या काही वर्षं आधी, १७६९ साली, झुरिकच्या लावाटर नावाच्या पाद्र्याने त्याला जाहीर आव्हान दिलं होतं, की ख्रिस्ती धर्माचा प्रतिवाद करा नाहीतर तो स्वीकारा. मेंडेल्सोनने उत्तरात लिहिलं, की कन्फ्यूशियस किंवा सोलोन आज हयात असता तर मी त्याच्यावर प्रेम केलं असतं, त्याला यहुदी करण्याचा हास्यास्पद विचार माझ्या मनात आला नसता. पाद्र्याला याहून सभ्य चपराक कुणी दिली असेल असं वाटत नाही.

मोक्षासाठी यहुदी होण्याची गरजच नसल्यामुळे धर्मप्रसाराचीही घाई नाही. कुणी धर्म स्वीकारायला आलाच, तर इस्राएलचे हाल चाललेत हे तुला दिसत नाही का, असं त्याला आधी विचारावं, असं तालमूद सांगतो. तरीही तो ठाम राहिला तर घ्यावं. याचा अर्थ यहुदी होताच येत नाही, असा मात्र नाही. दावीद राजाची पणजी रूथ ही मवाबी स्त्री होती, आणि तिची कथा शवुओतच्या सणाला सिनेगॉगमध्ये वाचली जाते. इतिहासात एक डागही आहे: ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात योहानान हिर्कानस या यहुदी राज्यकर्त्याने इदोमी लोकांवर धर्म लादला. पुढे त्याच इदोमी कुळातला हेरोद यहुद्यांचा राजा झाला! पण हा अपवाद. कोकणातलंच पाहा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे बेने इस्राएली यहुदी अलिबाग-पेणच्या गावांत शतकानुशतके राहिले, मराठी बोलले, पण शेजाऱ्याला आपल्या धर्मात ओढायला त्यांनी कधी मोहीम काढली नाही.

माणसांबद्दल एवढं. आता त्यांच्या धर्मांबद्दल, कारण तिथे यहुदी परंपरा बरीच कडक होते.

इस्लामचा प्रश्न सर्वांत लवकर मिटला. ओबद्या नावाच्या एका धर्मांतरिताने आपल्या गुरूपाशी म्हटलं, की मुसलमान मूर्तिपूजक नाहीत. गुरूने त्याला मूर्ख ठरवलं. दुखावलेल्या ओबद्याने थेट मायमोनिडीसला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते गुरूचीच हजेरी घेणारं: मुसलमान निखळ एकेश्वरवादी आहेत, काबामध्ये पूर्वी मूर्ती होत्या हे खरं, पण आज तिथे वाकणाऱ्याचं मन एकाच ईश्वरापाशी असतं, आणि परक्या माणसाचं मन दुखवणाऱ्या गुरूने शिष्याची क्षमा मागावी. हे लिहिणारा मायमोनिडीस स्वतः अल्मोहाद राजवटीच्या जुलमामुळे कोर्दोबाहून परागंदा झालेला होता. मुसलमान सत्तेने छळलं म्हणून त्याने त्यांचा एकेश्वरवाद नाकारला नाही.

ख्रिस्ती धर्माबाबत मात्र त्याचा निवाडा उलट होता. त्रैक्य आणि मूर्ती यांमुळे त्याने तो मूर्तिपूजेत मोजला. मायमोनिडीसचं आयुष्य मुसलमान मुलखांत गेलं, ख्रिस्ती शेजार त्याला फारसा लाभलाच नाही. फ्रान्स-जर्मनीत ख्रिस्ती लोकांशी रोजची देवघेव करणाऱ्या रब्बींनी वाट काढली, की देवासोबत आणखी कुणाला जोडण्याची मनाई यहुद्यांना आहे, इतरांना नाही. सर्वांत पुढे गेला तो पर्पिन्याँचा मेनाखेम मेईरी (१२४९ ते साधारण १३१५). धर्माच्या शिस्तीने बांधलेला कोणताही समाज जुन्या ग्रंथांतल्या ‘मूर्तिपूजकां’त बसत नाही, आणि व्यवहारात व न्यायात त्याला यहुद्याच्या बरोबरीने वागवलं पाहिजे, असं त्याने लिहून ठेवलं. परधर्मीय जिथे खरोखरचा शेजारी होता तिथे धर्मशास्त्र नरमलं, असं निदान या बाबतीत तरी म्हणायला जागा आहे.

याची दुसरी बाजूही आहे. बिगर-यहुद्यांपैकी उत्तम असेल त्यालाही मारावं, असं एक भयंकर वचन रब्बी शिमोन बार योहाईच्या नावावर आहे. यहुदीद्वेष्ट्यांच्या पत्रकांतून ते शतकानुशतके फिरतं आहे. ते खोटं नाही, पण अर्धवट सांगितलं जातं. शिमोनच्या गुरूला, रब्बी अकिवाला, रोमनांनी हालहाल करून मारलं होतं आणि शिमोन स्वतः वर्षानुवर्षं गुहेत लपून राहिला होता. मध्ययुगीन भाष्यकारांनी हे वचन केवळ युद्धाच्या प्रसंगापुरतं मर्यादित केलं. त्याच परंपरेत शिमोन बेन शेताख या दुसऱ्या धर्मपंडिताची गोष्टही आहे. शिष्यांनी त्याच्यासाठी एका अरबाकडून गाढव विकत घेतलं आणि गाढवाच्या गळ्यात मोती सापडला. मी गाढव विकत घेतलं, मोती नाही, असं म्हणत त्याने तो परत केला. दोन्ही गोष्टी ग्रंथांत आहेत, आणि कुणाला कोणती आठवते यावर बरंच काही ठरतं. २००९ साली इस्राएलमध्ये निघालेल्या ‘तोरात हमेलेख’ या पुस्तकाने कठोर वचनं वेचून बिगर-यहुद्यांच्या हत्येचं समर्थन केलं, तेव्हा अनेक रब्बींनीच त्याचा धिक्कार केला.

आता मराठी वाचकाच्या मनात आलेला प्रश्न. आमचं काय? आम्ही तर उघड उघड मूर्तीपुढे हात जोडतो.

मायमोनिडीसने भारतीयांचा उल्लेख केला आहे, तो प्राचीन मूर्तिपूजकांचे दक्षिणेकडचे अवशेष म्हणून. त्याचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठी भारताकडे निघाला असताना हिंदी महासागरात बुडून मेला आणि त्या धक्क्याने मायमोनिडीस वर्षभर अंथरुणाला खिळला. पण त्याला हिंदू माहीत होते ते पुस्तकातून. कोचीनच्या आणि कोकणातल्या यहुद्यांना हिंदू शेजारी होते, मात्र धर्मशास्त्राचे मोठे ग्रंथ तिथे लिहिले गेले नाहीत. त्यामुळे हिंदूंसाठी कुणी मेईरी जन्मला नाही आणि जुना शिक्का तसाच राहिला.

२००४ साली तो अचानक जिवंत झाला, केसांमुळे. ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ यहुदी, विवाहित स्त्रिया आपले केस झाकतात, आणि अनेकजणी त्यासाठी केसांचा टोप वापरतात. टोपांसाठी लागणारे बरेच केस तिरुपतीला नवस फेडताना उतरवलेले असतात. प्रश्न असा, की केस उतरवणं हेच देवाला केलेलं अर्पण आहे की ती नुसती दर्शनापूर्वीची शुद्धी? मूर्तीला अर्पण केलेल्या वस्तूचा कसलाही उपभोग हलाखाला, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राला, मान्य नाही. ती विकताही येत नाही. जेरुसलेमचे रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी लंडनहून एका धर्मपंडिताला तिरुपतीला पाहणीसाठी धाडलं आणि अहवाल आल्यावर हे अर्पणच आहे असा निवाडा दिला. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर स्त्रियांनी शेकडो डॉलरांचे टोप होळीत टाकले. मुंडन कल्याणकट्ट्यात, गाभाऱ्यापासून दूर, न्हाव्याच्या हातून होतं. त्यात पूजा कुठली, असं म्हणणारे रब्बीही होते. भक्त स्वतः याला काय म्हणतो, यावर सगळा वाद अडला होता. तिरुपतीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारलं तर दोन्ही उत्तरं मिळतील.

त्यानंतर तीनच वर्षांनी, फेब्रुवारी २००७ मध्ये, इस्राएलचे मुख्य रब्बी योना मेत्झगर दिल्लीत हिंदू धर्माचार्यांना भेटले. पुढची बैठक २००८ साली जेरुसलेमला झाली. हिंदू एकच परमतत्त्व मानतात आणि मूर्ती म्हणजेच ईश्वर असं समजत नाहीत, हे तिथल्या संयुक्त घोषणेत नोंदवलं गेलं. हिंदूंच्या बाजूने बोलणाऱ्यांत आपल्या काळातले स्वामी दयानंद सरस्वती प्रमुख होते.

ही घोषणा सौहार्दाची आहे, हलाखाचा निवाडा नव्हे. एल्याशिव २०१२ साली वारले, त्यांनी बंदी उठवली नव्हती. ऑर्थोडॉक्स वस्त्यांतल्या दुकानांत आजही टोप विकताना त्यात भारतातले केस नसल्याचं धार्मिक प्रमाणपत्र दाखवावं लागतं.