मलमातलं वर्गमूळ

त्वचेवर मलमाचा थर दिला. पहिल्या तासात त्यातून जेवढं औषध बाहेर पडलं, त्याच्या दुप्पट बाहेर पडायला किती वेळ लागेल? दोन तास, असं आपण चटकन म्हणतो. उत्तर आहे चार तास. आणि तिप्पट हवं असेल तर नऊ! औषध वेळेच्या नव्हे, वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सुटतं. दुकानातल्या साध्या ट्यूबमध्ये गणिताची एवढी शिस्त असावी, याचं मला अजूनही नवल वाटतं.

ही शिस्त 1961 मध्ये समीकरणात मांडली ताकेरू हिगुची या फार्मसीच्या प्राध्यापकानं. मलमात औषधाचे बारीक कण विखुरलेले असतात आणि विरघळू शकेल त्यापेक्षा औषध कितीतरी जास्त असतं. त्वचेलगतचे कण आधी विरघळतात, त्यांचे रेणू निघून जातात आणि तिथे रिकामा पट्टा उरतो. मागच्या रेणूंना आता तो पट्टा ओलांडून यावं लागतं. पट्टा जितका रुंदावतो तितकी वाट लांबते, वेग घटतो. जाणाराच मागच्याची वाट लांबवत जातो, आणि या एवढ्याच गोष्टीतून ते वर्गमूळ आपसूक निघतं. 1963 मध्ये हिगुचींनी हाच विचार हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्यांना लावला. पाकिटावर औषधाच्या नावापुढे ‘एसआर’ लिहिलेलं असतं, ती जात.

हिगुची मूळचे रसायनशास्त्राचे. 1918 मध्ये कॅलिफोर्नियात जन्मले, 1943 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून पीएच.डी. झाले आणि 1947 मध्ये त्याच विद्यापीठाच्या फार्मसी विभागात शिकवू लागले. वीस वर्षं तिथे, पुढची वीस कॅन्सस विद्यापीठात. औषध शोधणं एक आणि ते योग्य वेळी, योग्य जागी पोचवणं दुसरं. हे दुसरं काम त्यांनी अनुभवाच्या अंदाजातून काढून भौतिक रसायनाच्या पायावर उभं केलं. माझ्या मते ही कामगिरी नवं औषध शोधण्याइतकीच मोठी आहे.

प्राध्यापकाचं काम त्याच्याबरोबर संपत नाही. 1965 मध्ये हिगुची आणि केनेथ कॉनर्स यांनी, एका पदार्थाच्या सोबतीनं दुसऱ्याची विद्राव्यता किती वाढते, हे मोजण्याची पद्धत नीट लिहून काढली. हिगुचींचे विद्यार्थी व्हॅलेंटिनो स्टेला कॅन्ससमध्येच प्राध्यापक झाले. त्यांनी सहकारी रॉजर राजेवस्की यांच्यासह सायक्लोडेक्स्ट्रिनवर काम केलं. स्टार्चपासून बनणारा हा रेणू म्हणजे तळ नसलेली वाटीच: बाहेरून पाण्याशी सलगी, आतून पाण्याचं वावडं. पाण्यात न विरघळणारं औषध आतल्या पोकळीत शिरतं आणि अख्खी जोडी पाण्यात विरघळते. या दोघांनी रेणूत असा बदल केला की तो शिरेतून सुरक्षितपणे देता यावा.

2021 च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे करोनावरच्या रेमडेसिव्हिर या औषधासाठी लोकांनी तासन्‌तास रांगा लावल्या. त्याचा उपयोग किती झाला, हा वाद वेगळा. पण ते औषध पाण्यात जेमतेम विरघळतं. शिरेतून द्यायचं कसं? मूळ कंपनीच्या पावडरीच्या एका कुपीत औषध असतं 100 मिलिग्रॅम, आणि कॅन्ससमध्ये घडलेलं ते सायक्लोडेक्स्ट्रिन 3 ग्रॅम. औषधाच्या तीसपट! रांगेतल्या कुणालाही त्या पदार्थाचं नाव ठाऊक नव्हतं, ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं.

हिगुची 1987 मध्ये गेले. त्यांचं समीकरण मात्र आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांतही रोज वापरात आहे. घरात किंवा शेजारी कुणी एम.फार्म. करत असेल, तर त्यांना ‘हिगुची प्लॉट’ काढून दाखवायला सांगा. आडव्या अक्षावर वेळेचं वर्गमूळ, उभ्या अक्षावर सुटलेलं औषध, आणि बिंदू सरळ रेषेत येतात का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.